डावा दांडा

भुवनेश्वरीनं हवेचा गेज मागच्या डाव्या चाकाच्या व्हॉल्व्हवर दाबला आणि काटा स्थिर होईपर्यंत बघत राहिली. बारा. मग गुडघ्यांवरच सरकत ती उजव्या चाकाकडे गेली. तिथंही बारा.

"हवा सारखी आहे," ती म्हणाली.

"सकाळी मीच भरली, अक्का," बाला म्हणाला. "तंजावूरहून आलेल्या मेकॅनिकनंही पहिली हवाच बघितली होती."

"मग त्याला येत होतं काम."

"येत होतं, पण झालं नाही."

बोलणं तमिळमध्ये चाललं होतं. बाला त्या रिसॉर्टच्या बागेचा सुपरवायझर, चाळिशीचा, उन्हातही टोपी हातात धरून उभा राहणारा. दारासुरमच्या वाटेवरच्या त्या रिसॉर्टला तीन एकरांचं लॉन होतं. रविवारी तिथं लग्न होतं, आज गुरुवार होता आणि गवत घोट्याच्या वर आलं होतं.

गवत कापायची गाडी लॉनच्या मधोमध उभी होती. तिच्यामागं कापलेल्या गवताचा एक पट्टा दिसत होता. सरळ निघालेला आणि मग उजवीकडे झुकत झुकत शेवंतीच्या वाफ्यात शिरलेला. या गाडीला स्टिअरिंगचं चाक नसतं. बसणाऱ्याच्या दोन बाजूंना दोन दांडे असतात. डावा दांडा मागच्या डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा. दोन्ही सारखे पुढं ढकलले की गाडी सरळ जाते. एक कमी ढकलला की त्या बाजूला वळते. एक पुढं नि एक मागं केला तर जागच्या जागी भिंगरीसारखी फिरते. पुढची दोन चाकं नुसती शोभेची, नेतील तिकडं जातात. भुवनेश्वरी एकदा नवऱ्याला म्हणाली होती, ही गाडी म्हणजे आपलंच घर आहे, पुढं दिसतं कोण आणि ओढतं कोण.

नवऱ्याचं नाव हरिकृष्ण. सहा वर्षं ही गाडी त्यानंच चालवली आणि सहा वर्षं तिची देखभाल भुवनेश्वरीनं केली. मेलकावेरीत घराच्या पडवीतच त्यांचं पंप आणि फवारे दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणजे दुकानाच्या पाटीवर त्याचं नाव होतं आणि पाटीखाली ही बसायची. या गाडीचं इंग्रजी पुस्तक तिनं शब्दकोश मांडीवर घेऊन तीन महिन्यांत वाचून काढलं होतं. शाळेत ती इंग्रजीत नापास झालेली. पण शाळेनं तिला कधी हायड्रॉलिक पंप दाखवला नव्हता.

"आतां किती वेळ लागेल गे?" बदामाच्या झाडाखालच्या खुर्चीतून मीनाक्षीबाईंनी विचारलं. हे घरच्या तंजावुरी मराठीत.

"लागेल तेवढा, वन्सं."

"तो पोरगा मला पाट्टी म्हणाला."

"तुम्ही आहांतच पाट्टी. आजीच कीं."

"त्याची नव्हे."

मीनाक्षीबाई हरिकृष्णाची थोरली बहीण. वय सहासष्ट. भावजयीची चार महिन्यांत घराबाहेर पडायची ही पहिलीच वेळ, तीही एकटीनं नको, म्हणून त्या मोपेडवर मागं बसून, छत्री आडवी धरून आल्या होत्या. वाटेत दोन सायकलवाल्यांना ती छत्री लागली होती.

भुवनेश्वरी गाडीच्या मागं गेली. गाडी हातानं ढकलायची असेल तेव्हा ओढायचे दोन खटके तिथं होते. त्यांतला एक जरी अर्धवट ओढलेला राहिला, तर त्या बाजूचं चाक नीट ओढत नाही आणि गाडी तिरपी जाते. दोन्ही खटके पूर्ण आत होते. इंजिनचा पट्टा ताणलेला होता. दांड्यांचे धक्के शोषणारे डॅम्पर नवे होते, तंजावूरच्या मेकॅनिकनं बदललेले. त्यानं टायरही बदलले होते. ज्या गोष्टी वरून दिसतात त्या सगळ्या त्यानं बदलल्या होत्या.

"दोन ड्रायव्हर सोडून गेले," बाला म्हणाला. "एकजण म्हणाला, गाडीत अण्णा आहेत."

हरिकृष्णाला इथं सगळे अण्णा म्हणायचे. बालानं लगेच जीभ चावली. भुवनेश्वरीला काही वाटलं नाही. अलीकडे तिला काही वाटत नसे, आणि त्याचंही काही वाटत नसे. दुकानात एकदा गरम सायलेन्सरला मनगट टेकलं, तेव्हा कातडी जळल्याचा वास आला म्हणून तिनं हात काढला होता.

"जॅक आणा," ती म्हणाली.

बाला जॅक आणायला गेला.

कार्तिकात त्याचाच फोन आला होता. अक्का, कसं सांगू, अण्णा कामावर पिऊन येतात. गाडी वेडीवाकडी चालवतात. बोलताना जीभ जड असते. मांडवाच्या खांबाला धडकले, माणूस थोडक्यात वाचला. ऑफिसनं उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंय. आणि अक्का, दांड्यावर चक्क सोडा लिहून ठेवलंय. कशात मिसळायला ते तुम्हाला सांगायला नको.

ज्या घरात विठोबाला दाखवल्याशिवाय कॉफीचा घोट घेत नाहीत, त्या घरातला माणूस. मीनाक्षीबाईंनी महिनाभर ते मानलं नाही आणि नंतर त्या विषयावर बोलणं सोडलं. भुवनेश्वरीनं मानलं. तिला जीभ जड झालेली ऐकू येत होती, चालताना भिंतीला हात लावलेला दिसत होता. वास तेवढा येत नव्हता, पण वास न येणारीही दारू असते, असं कुणीतरी सांगितलं होतं. तिनं त्याचं अंथरूण माजघरात घातलं. ताट वाढून ती आत जाऊन बसायची. कामावरून काढल्यानंतर एकविसाव्या दिवशी तो न्हाणीघरात पडला, आणि दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, पीत होते का? ती म्हणाली, हो, अलीकडे. डॉक्टरनं मान वर न करता तेही कागदावर लिहिलं. मग तो गेला.

आज या लॉनवर ती तेव्हापासून पहिल्यांदा आली होती. बालानं बोलावलं म्हणून. आणि खरं म्हणजे तिला ती जागा बघायची होती, जिथं त्यानं प्यायला सुरुवात केली. का ते तिला सांगता आलं नसतं.

मागची चाकं जमिनीपासून चार बोटं उचलून त्यांनी खाली लाकडाचे ठोकळे घातले. भुवनेश्वरी गाडीवर बसली. इंजिन सुरू करून तिनं दोन्ही दांडे सारखे, अगदी दोन बोटांएवढे पुढं केले.

"चाकांकडं बघा," ती बालाला म्हणाली. "कोणतं जोरात फिरतंय?"

"डावं," बाला म्हणाला. "बरंच."

"म्हणून गाडी उजवीकडं जाते."

इंजिन बंद करून ती उताणी झोपली आणि बॅटरी तोंडात धरून गाडीखाली सरकली. दांड्यापासून पंपापर्यंत जाणारी एक सळई असते, तिच्या टोकाला आटे असतात आणि त्यांवर नट. नट फिरवला की सळई लांब किंवा आखूड होते आणि दांडा जड किंवा हलका होतो. कोणी त्याला हात लावत नाही, कारण तो आहे हेच कोणाला ठाऊक नसतं.

उजव्या सळईवर, नटाच्या कडेला, लाल नेलपॉलिशची रेघ होती. ती तिचीच, गेल्या वर्षीच्या पोंगलची. डाव्या सळईवरही लाल रेघ होती, पण नट तिथं नव्हता. तो बराच पुढं होता. लाल रेघेच्या पुढं एक पांढरी रेघ होती, तिच्या पुढं दुसरी पांढरी, आणि दुसऱ्या पांढऱ्या रेघेवर नट.

ती बॅटरी तोंडात धरून तशीच पडून राहिली. कोणताही नट हलवायच्या आधी त्याची जुनी जागा खुणेनं राखायची, हे तिनंच त्याला शिकवलं होतं. शिकवताना तो म्हणाला होता, सरळ सांग ना की माझ्यावर भरवसा नाहीं.

"मेकॅनिकनं हे फिरवलं?" तिनं बाहेर येत विचारलं.

"तो खाली गेलाच नाही, अक्का. पँट नवी होती त्याची." बालानं टोपी दुसऱ्या हातात घेतली. "अण्णाच जायचे. शेवटच्या दिवसांत रोज जेवणाच्या सुट्टीत गाडीखाली. आम्हाला वाटायचं…"

"काय वाटायचं?"

"बाटली तिथं ठेवतात."

भुवनेश्वरी उठून बसली. तिच्या केसांत गवत अडकलं होतं.

"आणि वर हे," बाला म्हणाला. त्याला आता सगळं एकदाच सांगून टाकायचं होतं. त्यानं डाव्या दांड्याची मूठ दाखवली. तिच्यावर औषधाच्या दुकानात मिळते तशी पांढरी चिकटपट्टी गुंडाळली होती, आणि अंगठा टेकतो तिथं बॉलपेननं, घोटून घोटून, मोठ्या तमिळ अक्षरांत एक शब्द लिहिला होता. "हेच मी फोनवर म्हणालो होतो. पोरं हसायची. म्हणायची, अण्णांचा दांडा बारमध्ये गेलाय."

"काय गे तें?" मीनाक्षीबाईंनी ओरडून विचारलं. "काय लिहिलें आहे?"

बालाला मराठी येत नव्हती, पण म्हातारी काय विचारते आहे ते कळलं. त्यानं तिला ऐकू जावं म्हणून तोंडाशी हात नेऊन, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

"सो-डा, पाट्टी! सोडा!"

"काय सोडा?" मीनाक्षीबाई म्हणाल्या. "मीं कुठें काय धरलें आहे?"

आणि त्यांनी हातातल्या छत्रीकडे बघितलं, मग ती खुर्चीच्या पायाशी ठेवून दिली.

बाला हसला. भुवनेश्वरी हसली नाही. ती मुठीवरच्या अक्षरांकडे बघत होती.

हरिकृष्ण तमिळ शाळेत शिकला होता. मराठी घरात बोलायची. देवनागरी विठोबाच्या देवळातल्या फळ्यावर, बोट ठेवून वाचण्यापुरती. लिहायचं म्हटलं की त्याची मराठी तमिळ अक्षरांतच उतरायची. लग्नानंतरच्या सगळ्या चिठ्ठ्या तशा होत्या. भात लावून ठेव. उशीर होईल. तिरुविडैमरुदूरला जातों. वाण्याची यादी तशीच असायची, आणि वाणी तमिळ असल्यामुळे त्यातलं निम्मं चुकीचं यायचं. तीस वर्षं तिनं त्या अक्षरांतून मराठी वाचली होती. फोनवर ऐकताना मात्र तिनं तो शब्द बालाच्या तोंडून ऐकला, तमिळमध्ये, आणि तमिळमध्ये त्याचा एकच अर्थ होता. हा दांडा बघायला ती आली नाही. मोपेडनं वीस मिनिटांची वाट.

सोडा.

पण सोडा कुणाला? बायकोला तो तू म्हणायचा, बहिणीला तू म्हणायचा. अहो-जाहो करायचा ते परक्यांना. इथं मराठी वाचणारं दुसरं कुणीही नव्हतं. त्यानं ते त्या मुठीवर बसणाऱ्या हाताला लिहिलं होतं. आपल्याच, पण परक्या झालेल्या हाताला, जो सांगितलेलं ऐकेनासा झाला होता, जो धरलं ते सोडत नव्हता.

"ठोकळे काढा," ती म्हणाली.

"झालं?"

"नाही. काढा."

गाडी खाली आली. तिनं इंजिन सुरू केलं, पातं बंद ठेवलं. दोन्ही हातांनी सारखा जोर देऊन निघाली. दहा पावलांवर गाडी उजवीकडं झुकली, वीस पावलांवर शेवंतीच्या दिशेनं निघाली. ती थांबली. मागं आली, पुन्हा सरळ उभी केली. मग डावी मूठ तिनं नुसती दोन बोटांत धरली. मनगट ढिलं सोडलं, खांदा ढिला सोडला, हात जसा झोपेत असतो तसा ठेवला, आणि उजव्यानं पूर्ण जोर लावला.

गाडी सरळ गेली.

लॉनच्या या टोकापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत ती दोरी धरल्यासारखी सरळ गेली. भिंतीशी भुवनेश्वरीनं ती फिरवली आणि त्याच रेषेवरून परत आणली. इंजिन बंद केलं तेव्हा बाला टोपी दोन्ही हातांत चुरगाळत उभा होता.

"कशी काय, अक्का?"

"बिघडलेली नाही. अशीच लावून ठेवली आहे. डाव्या हातात जोर नसलेल्या माणसासाठी."

बालानं डाव्या दांड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"खाली दोन खुणा आहेत," ती म्हणाली. एखाद्या गिऱ्हाइकाला पंपाचं दुखणं सांगावं तसं ती सांगत होती. "जोर कमी झाला तसा आधी एवढा हलका केला, मग आणखी एवढा. त्याच्यापुढं आटेच नाहीत. पुढं काही करता आलं नसतं."

"आणि मांडवाचा खांब?"

"उजव्या हातानं थांबवलं असेल. डावा सुटला नसेल. एक चाक चालू राहिलं की गाडी गरकन फिरते."

"आणि जीभ…"

"हो. त्याच दुखण्यानं."

"आणि हे सोडा?"

तिनं त्याला त्या शब्दाचा मराठी अर्थ सांगितला. तमिळमध्ये सांगायला एकच शब्द पुरला. बाला खाली बसला, गवतातच.

"मी फोन केला होता," तो म्हणाला. "मीच केला होता, अक्का."

"मी घेतला होता," भुवनेश्वरी म्हणाली.

दूर स्वयंपाकघराच्या बाजूला कुणीतरी मोठी पातेली एकात एक रचत होतं. बाला उठला, त्यानं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "ऑफिसात सांगतो. आत्ता. ज्यांना ज्यांना मी बोललो होतो, त्या सगळ्यांना सांगतो."

"सांगा. दवाखान्यातलं मी लिहवलंय. तिथं माझं मला जावं लागेल."

"गाडी अशीच राहू दे का, अक्का?"

"कशाला?" ती म्हणाली. "रविवारी लग्न आहे. दोन हातांच्या माणसाला चालवायची आहे."

ती पुन्हा गाडीखाली सरकली. पाना नटाला लावला. पहिल्या झटक्याला हलेना, दुसऱ्याला नट सुटला. एका हातानं, तेही उताणं पडून, हरिकृष्णानं हा नट कसा सोडवला असेल याचा तिनं थोडा विचार केला आणि विचार पुरा न करता पाना फिरवत राहिली. दुसऱ्या पांढऱ्या रेघेवरून पहिलीवर, पहिलीवरून लालवर. मग तो हलू नये म्हणून मागचा जोडनट घट्ट केला. बाहेर आली तेव्हा मीनाक्षीबाई खुर्ची ओढत ओढत तिथवर आल्या होत्या आणि गाडीला खेटून बसल्या होत्या. बालानं हातवारे करून त्यांना काय सांगितलं असेल ते असो, त्यांना कळलं होतं.

"आता चालवून पाहा," भुवनेश्वरी बालाला तमिळमध्ये म्हणाली. "दोन्ही हात सारखे."

बाला गाडीवर चढला. मुठीवरची पट्टी अंगठ्याखाली येऊ नये म्हणून त्यानं मूठ जरा खाली धरली. गाडी हळूहळू लांब जाऊ लागली. दोघी बघत राहिल्या.

"त्यानें सांगितलें कां नाहीं गे?" मीनाक्षीबाई म्हणाल्या. "मला नको. मी परक्या घरची. तुला तरी सांगायचें."

भुवनेश्वरी पाना चिंधीनं पुसत होती.

"त्या दिवशीं बालाचा फोन आला ना, वन्सं. हे घरीं आले, तर मीं चपलासुद्धां काढूं दिल्या नाहींत. तसेंच विठोबापुढें उभें केलें. म्हणालें, दोन्ही हात जोडा आणि सांगा, पीत नाहीं म्हणून."

"मग?"

"पीत नाहीं म्हणाले."

"मग झालें कीं."

"हात नाहीं जोडले. एकच वर केला. छातीशीं धरून उभे राहिले. मीं म्हणालें, देवापुढें खोटें बोलायला हात उचलत नाहीं ना? आणि दिवा उचलून आंत गेलें."

लॉनच्या दुसऱ्या टोकावरून बालाचा आवाज आला. सरळ जातेय, अक्का, अगदी सरळ. भुवनेश्वरीनं त्याला दिसावं म्हणून पाना वर केला.

"कोणता?" मीनाक्षीबाईंनी विचारलं.

"काय कोणता?"

"हात."

"उजवा."

मीनाक्षीबाईंनी भुवनेश्वरीचा डावा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, लुगड्याचा पदर पुढं घेतला आणि एकेक बोट पुसायला लागल्या. पदर फिकट पिवळा होता, गेल्या महिन्यातच घेतलेला. ग्रीसचे काळे पट्टे त्यावर उमटत गेले.

"त्यानें निघत नसतें, वन्सं."

"ठाऊक आहे," मीनाक्षीबाई म्हणाल्या, आणि पुसत राहिल्या.